लावलेलं टायमिंग पुन्हा मागे का पडतं: तीन सिलिंडरच्या जुन्या ट्रॅक्टरचं एक प्रकरण

इंजिन तीन सिलिंडरचं, चार स्ट्रोक, डायरेक्ट इंजेक्शनचं. डिझेल पंप इनलाइन, तीन एलिमेंटचा (एलिमेंट म्हणजे एका सिलिंडरला डिझेल दाबून देणारी प्लंजर-बॅरलची जोडी), वेग सांभाळणाऱ्या मेकॅनिकल गव्हर्नरचा. टायमिंग गिअरवर चालणारा, आणि ब्लॉकला लांबट भोकांच्या फ्लँजने बसवलेला. मॅन्युअलप्रमाणे स्टॅटिक टायमिंग, म्हणजे इंजिन बंद ठेवून मोजलेली इंजेक्शन सुरू होण्याची वेळ, टीडीसीआधी (पिस्टन सगळ्यात वर पोचण्याआधी) क्रँकचे 24 अंश. पंप काही महिन्यांपूर्वी उतरवून टेस्ट बेंचवर नवे एलिमेंट टाकून घेतलेला होता. तक्रारी त्यानंतर सुरू झाल्या.

तक्रार एकच असती तर प्रकरण लवकर संपलं असतं. इथे ती चार तुकड्यांत आली. सकाळी इंजिन पंधरा-वीस सेकंद सेल्फ मारल्याशिवाय उठेना, उठलं की पाच-सात मिनिटं पांढरा धूर. रोटाव्हेटर लावला की दबायचं, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) मिनिटाला 540 फेऱ्यांवरून 430 पर्यंत खाली यायचा. अर्ध्या तासात पाण्याचा काटा लालकडे. डिझेलही जास्त जायचं. प्रत्येक तुकड्यावर वेगळा इलाज झाला. तापतंय म्हणून रेडिएटर साफ झाला, थर्मोस्टॅट बदलला. धूर आहे म्हणून नोझल सेट झाले. शेवटी कुणीतरी टायमिंगवर बोट ठेवलं, तेही कानाने: इंजिन चालू ठेवून फ्लँजचे नट ढिले केले, ठोका वाजेपर्यंत पंप फिरवला, किंचित मागे घेऊन आवळला. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी छान चालला. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा पंप फिरवला, या वेळी भोकांच्या टोकापर्यंत. महिनाभराने तिसऱ्यांदा ट्रॅक्टर दारात, आणि आता फिरवायला जागाच उरली नव्हती.

पंप फिरवल्यावर ट्रॅक्टर सुधारतो, म्हणजे बिघाड टायमिंगचा आहे हे खरं. पण सुधारून पुन्हा बिघडतो, याचा अर्थ पंप आणि क्रँकच्या मधलं काहीतरी घसरतंय. या दुसऱ्या वाक्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

टायमिंगला हात लावण्याआधी

उशिरा होणाऱ्या इंजेक्शनची लक्षणं दुसऱ्या अनेक बिघाडांसारखी दिसतात, म्हणून आधी ते बाजूला काढावे लागतात. पांढरा धूर नाकाने ओळखता येतो. डोळ्यांना झोंबला आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर ते न जळलेलं डिझेल. डिझेलचा वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत जातंय, तर ती वाफ, गॅस्केटची भानगड. इथे डोळे चांगलेच झोंबत होते.

एअर फिल्टर स्वच्छ, डिझेल फिल्टर नवीन, रिटर्न लाइनमध्ये बुडबुडे नाहीत. टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे वॉल्व्हची फट, बरोबर. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन 25 ते 27 बारच्या मधे, म्हणजे रिंगा आणि वॉल्व्ह निर्दोष. नोझल टेस्टरवर लावले तर 190, 195, 190 बारला उघडले, मॅन्युअलमध्ये 200 लिहिलेलं. दाब थोडा कमी होता, पण इथे घाई करू नये. नोझल कमी दाबाला उघडला तर इंजेक्शन किंचित लवकर होतं, उशिरा नाही. त्यामुळे हा फरक या प्रकरणात आरोपी नव्हता. शिम टाकून तो तसाही दुरुस्त केला.

मग इंजिन मंद चालू ठेवून एकेका हाय प्रेशर पाइपचा नट इंजेक्टरच्या बाजूने अर्धा फेरा ढिला केला. तिन्ही वेळा इंजिनचा आवाज सारखाच पडला, म्हणजे बिघाड एका सिलिंडरचा नसून तिघांना सामाईक. ही तपासणी करताना नटावर जाड फडकं असावं आणि हात फवाऱ्याच्या वाटेत कधीच नसावा. या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं, वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून मांस सडायला लागतं. तसं झालं तर दुखण्याची वाट न पाहता थेट हॉस्पिटल.

पंपाचं सील शाबूत होतं, म्हणजे ताकद वाढवायला कुणी डिझेलचा स्क्रू पिळलेला नव्हता. जुन्या ट्रॅक्टरवर हे नशिबानेच मिळतं.

खरा टीडीसी

पुलीवरची खूण आणि कव्हरवरचा काटा यांच्यावर विसंबून टायमिंग मोजणं म्हणजे वाकड्या पट्टीने कापड मापणं. इथे काटा वाकलेलाच होता. म्हणून एक नंबर सिलिंडरच्या एका वॉल्व्हची स्प्रिंग उतरवली, वॉल्व्हच्या दांड्याला वरून रबरी ओ-रिंग घट्ट बसवली, म्हणजे तो सिलिंडरमध्ये पडायला नको, आणि वॉल्व्ह पिस्टनवर टेकवून वर डायल गेज लावला. क्रँक टीडीसीपासून फार दूर न्यायचा नाही, नाहीतर ओ-रिंगवरच सगळा भरवसा.

पिस्टन वर पोचल्यावर क्रँक दोन-तीन अंश फिरला तरी डायलचा काटा जवळपास हलत नाही. त्यामुळे ‘काटा थांबला तो टीडीसी’ हे चालत नाही. पिस्टन वरून 2 मिमी खाली असताना एक खूण चढताना, एक उतरताना, आणि दोन खुणांचा मध्य तो टीडीसी. जुनी खूण त्यापासून 3 मिमी सरकलेली निघाली. पुलीचा व्यास 200 मिमी, परीघ 628.3 मिमी, म्हणजे एका अंशाला 1.745 मिमी. तीन मिमी म्हणजे पावणेदोन अंशांची चूक मोजायला सुरुवात करण्याआधीच. पुली इथे सलग ओतीव होती. मधे रबर असलेली पुली असेल तर बाहेरचं कडं सरकलेलं असू शकतं, तेव्हा फ्लायव्हीलवर मोजावं.

कॉम्प्रेशनचा टीडीसी की एक्झॉस्टचा, हे ओळखताना चार सिलिंडरची सवय तीन सिलिंडरवर उपयोगी पडत नाही. चारमध्ये चौथ्याचे रॉकर (वॉल्व्ह दाबणारे लिव्हर) झुलताना दिसले की पहिला कॉम्प्रेशनवर. तीनमध्ये पहिल्याला असा जोडीदार नसतो. म्हणून स्प्रिंग परत बसवून पहिल्याचेच दोन्ही रॉकर हाताने हलवून पाहायचे. दोन्ही सैल, तर कॉम्प्रेशन.

टीडीसीपासून फिरण्याच्या दिशेच्या आधी 41.9 मिमीवर 24 अंशांची खूण केली. पुलीवर कागदी पट्टी चिकटवून अंश आखले की काम सोपं होतं.

स्पिल टायमिंग

स्पिल म्हणजे पंपातून सांडणारं डिझेल थांबतं तो क्षण पकडणं. पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी वॉल्व्ह होल्डर उघडला, आतला वॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवली, सीट जागेवरच. होल्डर परत बसवून त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकवलेली नळी लावली. डिझेल टाकीतून आपल्या वजनाने येऊ दिलं, हात पंप मारला नाही, कारण दाब कमी-जास्त झाला की थेंबही कमी-जास्त पडतात.

रॅक, म्हणजे डिझेलचं प्रमाण ठरवणारी पंपातली दांडी, कुठे आहे याला महत्त्व आहे. स्टॉप लिव्हर ओढलेला राहिला तर प्लंजरची उभी खाच पोर्टसमोर (बॅरलमधल्या डिझेलच्या भोकासमोर) राहते आणि डिझेल थांबतच नाही. माणूस क्रँक फिरवत बसतो. उलट बाजूला, इंजिन बंद असताना गव्हर्नर रॅकला सुरुवातीच्या जादा डिझेलच्या जागी ढकलून ठेवतो. काही प्लंजरांच्या माथ्यावर त्या जागेसाठी वेगळी खाच असते, ती इंजेक्शन मुद्दाम उशिरा सुरू करते. तिथे मोजलं तर चांगलं टायमिंगही मागे दिसेल. म्हणून रॅक मधल्या जागी धरून ठेवला.

क्रँक फक्त चालण्याच्या दिशेने, हळू. आधी सलग धार, मग बारीक धागा, मग थेंब. दहा सेकंदांना एक थेंब पडायला लागला की थांबायचं. तोच क्षण प्लंजरने पोर्ट बंद केल्याचा. खूण ओलांडली गेली तर तेवढंच मागे घेऊन चालत नाही. पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं, म्हणजे गिअरच्या दातांमधली ढिलाई एकाच बाजूला राहते.

तीन वेळा मोजलं. टीडीसीआधी 26 मिमी, 26 मिमी, 26.5 मिमी. म्हणजे 15 अंश. हवे होते 24. तेही पंप अ‍ॅडव्हान्सच्या टोकापर्यंत फिरवलेला असताना.

तिथेच थांबून पंप दोषी ठरवता आला असता, कारण पंपातला टॅपेट (प्लंजरला वर ढकलणारा तुकडा) झिजला तरी प्लंजर उशिरा पोर्ट बंद करतो. पण झीज तिन्ही टॅपेटवर अगदी सारखी सहसा नसते. म्हणून दुसऱ्या दोन एलिमेंटवरही हेच केलं, एकेक वॉल्व्ह काढून लगेच त्याच जागी परत, भेसळ न करता. तीन सिलिंडरमध्ये एका इंजेक्शनपासून दुसऱ्याचं अंतर क्रँकचे 240 अंश. दोन्ही अंतरं एका अंशाच्या आत बरोबर निघाली. पंप आतून शिस्तीत चालला होता, तो सगळाच्या सगळा मागे पडला होता.

आकड्याने पकडलेला आरोपी

चूक किती अंशांची आहे हे कळलं की ती कुठे आहे हेही बरंचसं कळतं, फक्त हिशेब पूर्ण करावा लागतो. 15 आणि 24 मधला फरक 9 अंश. पण पंपाचा फ्लँजही फिरवलेला होता. फॅक्टरीची रेघ फ्लँजवर आणि ब्लॉकवर दोन्हीकडे होती, आणि त्या दोन रेघांमध्ये 3.5 मिमी अंतर पडलं होतं. रेघ शाफ्टच्या मध्यापासून 50 मिमीवर, म्हणजे 3.5 मिमी बरोबर 4 अंश. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पंपाचे 4 ते क्रँकचे 8. एकूण मागे पडलेलं टायमिंग क्रँकचे 17 अंश, पंपाचे साडेआठ.

पंपाच्या गिअरला 60 दात. एक दात चुकला तर पंपाचे 6, क्रँकचे 12 अंश. दोन दात चुकले तर 24. सतरा यांपैकी कशातच बसत नाही. शिवाय दात चुकला असता तर पहिल्या दिवसापासून चुकलेलाच राहिला असता, हळूहळू सरकला नसता. फ्लँजचे नट घट्ट होते, त्यामुळे पंपाचं अंग सरकलेलं नव्हतं. मधल्या आयडलर गिअरची बुशी झिजून एखाद-दोन अंश जातील, सतरा नाही. उरतो एकच सांधा: पंपाचा शाफ्ट आणि त्यावरचा गिअर.

तिथली रचना अशी. शाफ्टचं टोक निमुळतं, गिअरचं भोकही तसंच, मधे अर्धचंद्राकृती चावी आणि वरून नट. बहुतेकांना वाटतं की गिअरचा जोर चावी पेलते. तसं नाही. जोर पेलते ती निमुळत्या भागाची पकड. चावी गिअर कुठे बसवायचा एवढंच सांगते. पकड गेली की सगळा भार त्या 4 मिमीच्या तुकड्यावर येतो आणि तो कापला जायला लागतो. पंपाला गिअर ओढतो, पंप मागे खेचतो, म्हणून घसरण जवळपास नेहमी उशिराच्या बाजूला. आपोआप अ‍ॅडव्हान्स झालेला पंप या कारणाने सहसा सापडत नाही.

पुढचं झाकण काढून नट पाहिला. मॅन्युअल सांगतं 65 न्यूटन-मीटर, हा 20 च्या आतच सुटला. नटाखालचा स्प्रिंग वॉशर जुनाच, चेपून सपाट झालेला. गिअर पुलरने सुटा केला. ठोकून काढायचा नाही, ठोका थेट पंपाच्या बेअरिंगवर जातो. गिअर काढण्याआधी त्याच्या खाली फडकं कोंबलेलं असावं, कारण चावी हमखास सुटते आणि टायमिंग केसमध्ये पडते. मग एका चावीसाठी खालचं तेलाचं चेंबर उतरवायची पाळी येते.

चावी हातात आली तेव्हा तिला पायरी पडलेली होती. खालचा अर्धा शाफ्टच्या खाचेत जिथे होता तिथेच, वरचा अर्धा सरकलेला. व्हर्निअरवर पायरी 1.5 मिमी. चावीच्या जागी शाफ्टचा व्यास 20 मिमी, म्हणजे साडेआठ अंशांना परिघावर 1.48 मिमी. पुलीवर मोजलेलं टायमिंग आणि हातातला लोखंडाचा तुकडा एकच आकडा सांगत होते. निमुळत्या भागावर तांबूस तपकिरी पूड आणि तेलाचा थर, दोन पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म हलत असल्याची खूण. गिअरच्या भोकात गोल ओरखडे, खाचेची एक कड चेंबटलेली.

पंप बेंचवरून आल्यावर तेल न पुसता गिअर बसवला होता आणि नट साध्या पान्याने आवळला होता. बेंचचं काम चांगलंच होतं. चुकलं ते शेवटच्या पाच मिनिटांत.

दुरुस्ती

गिअर नवीन घेतला, कारण चेंबटलेल्या खाचेत नवी चावीही सैलच बसते. शाफ्टची खाच शाबूत होती. निमुळत्या भागावरचे उंचवटे नव्या गिअरला बारीक लॅपिंग पेस्ट लावून हाताने घासून काढले. निळा रंग लावून पाहिलं तेव्हा चारपैकी तीन भागांहून जास्त स्पर्श मिळाला, एवढं पुरतं. ओरखडे नखाला लागण्याइतके खोल असते तर पंपाचा हा शाफ्ट, म्हणजे त्याचा कॅमशाफ्टच, बदलायला हवा होता. घासून घासून भोक मोठं केलं की गिअर जास्त आत बसतो आणि दातांची रेघ बिघडते.

पेस्टचा कणही पंपात जाता कामा नये. शाफ्टच्या सीलपाशी ग्रीस लावलेलं फडकं गुंडाळून ठेवलं आणि शेवटी सगळं धुऊन, पुसून, कोरडं केलं. नवी चावी, नवा वॉशर. दोन्ही निमुळते भाग कोरडे ठेवून नट टॉर्क पान्याने 65 ला आवळला. आवळताना गिअर धरून ठेवायला दातांत स्क्रू ड्रायव्हर अडकवायचा नाही, गिअर धरायची पट्टी वापरायची. नटावर आणि शाफ्टवर मिळून रंगाची एक रेघ.

फ्लँज फॅक्टरीच्या रेघेवर परत आणला. हे महत्त्वाचं: आधीची ‘दुरुस्ती’ तशीच ठेवून नवी चावी टाकली असती तर टायमिंग 8 अंश पुढे गेलं असतं, म्हणजे 32. असा ट्रॅक्टर जोरात ठोकतो, सेल्फला उलट धक्का देतो आणि पिस्टन व हेड गॅस्केटची वाट लावतो.

पुन्हा स्पिल घेतलं: 41 मिमी, साडेतेवीस अंश. अर्धा अंश तसाच सोडला तरी ट्रॅक्टर चालला असता. पण पंपाचा पाव अंश फिरवायचा, म्हणजे फ्लँजवर केसभर, 0.2 मिमीच्या आसपास, शाफ्ट फिरतो त्याच्या उलट दिशेला. उलट दिशेला फिरवलं की टायमिंग पुढे येतं, शाफ्टच्या दिशेला फिरवलं की मागे जातं. पंप इंजिनच्या कुठल्याही बाजूला असो, हा नियम बदलत नाही. दुसऱ्या मोजणीत 42 मिमी आले.

डिलिव्हरी वॉल्व्ह आपापल्या जागी, होल्डरखाली नवे वॉशर, आणि होल्डर मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच. गळू नये म्हणून जास्त पिळला तर बॅरल दबतो, प्लंजर आणि रॅक जड होतो आणि इंजिन रेसवरून खाली यायला नकार देतं. त्यानंतर हवा काढली: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी इंजेक्टरच्या बाजूचे नट ढिले ठेवून सेल्फ.

रोटरी पंप असता तर यातली स्पिलची पद्धत वापरता आली नसती. तिथे बऱ्याच पंपांत बाजूची छोटी खिडकी उघडून आतली अक्षराची रेघ जुळवतात, आणि टायमिंग वेगानुसार सरकवणारी अ‍ॅडव्हान्सची यंत्रणा अडकलेली नाही ना हेही पाहावं लागतं. गिअर, चावी आणि अंशांचा हिशेब मात्र तिथेही हाच.

थंड इंजिन तीन सेकंदांत उठलं, पांढरा धूर मिनिटाच्या आत गेला. त्याच शेतात, त्याच गिअरमध्ये, तोच रोटाव्हेटर लावल्यावर पीटीओ 540 वरून 510 ला थांबला. तासभर चालवूनही पाणी 85 अंशांपुढे गेलं नाही. उशिरा पेटलेलं डिझेल पिस्टनला ढकलण्याऐवजी सिलेन्सर आणि पाणी तापवत होतं, रेडिएटर बिचारा विनाकारण धुतला गेला.

50 तासांनी झाकण उघडून पाहिलं तेव्हा नटावरची रेघ जुळलेली होती, आणि स्पिल पुन्हा 42 मिमीवरच आलं.